दोन रिपोर्ट, दोन नावं आणि तोंडावर आलेले गणपती

पत्र थोडक्यात: या ताई चिपळूणला असतात, माहेर देवगड तालुक्यात. वडील ६६ वर्षांचे, हापूसची बाग स्वतः बघणारे. मे महिन्यात शेवटच्या काढणीच्या दिवसांत एका रात्री त्यांच्या पोटाच्या वरच्या भागात दुखू लागलं, दोन उलट्या झाल्या. पित्त म्हणून गोळी आणि कोकमाचं सरबत दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा ईसीजीत हार्ट अटॅक निघाला, हृदयाच्या खालच्या-मागच्या भागाचा. अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी पूर्ण बंद दिसली. वेळ उलटून गेल्यामुळे स्टेंट घातला नाही, गोळ्या देऊन आठवड्याने घरी सोडलं. तेव्हाच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘मागची भिंत हलत नाही’ एवढंच होतं. आता दोन महिन्यांनी बागेतून घराकडे चढताना दम लागतो, रात्री आडवं झालं की खोकला येतो. जिल्ह्यात पुन्हा इको केला, त्यात ‘मागच्या भिंतीला फुगवटा, अ‍ॅन्युरिझम?’ असं आलं. कोल्हापूरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ‘स्यूडोअ‍ॅन्युरिझम असू शकतो, हृदयाचा एमआरआय करा, सर्जनना भेटा’ असं लिहून दिलं. मुंबईचा भाऊ म्हणतो, डॉक्टरांचंच एकमत नाही, गणपती झाले की इकडे आणू. काका म्हणतात, ऑपरेशन गळ्यात मारायचा धंदा आहे. आई म्हणते, त्यांना काही सांगू नका. बाबा म्हणतात, “माका काय्येक झाला नाय.” ताईंचे प्रश्न तीन: दोघांतला खोटं कोण बोलतंय? पहिल्या हॉस्पिटलने हे तेव्हाच का पकडलं नाही? आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीने यात किती बोलायचं?

ताई,

आधी तारखेचं बघू. गणपतीनंतर नेण्याचा बेत आज मोडा. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, आणि मी साधा फिजिशियन आहे, हृदयाचा सर्जन नाही. तरी तुम्ही कळवलेल्या चार गोष्टी एकत्र ठेवल्या (मागच्या भिंतीचा अटॅक, उशिरा मिळालेले उपचार, नव्याने सुरू झालेला दम, इकोत दिसलेला फुगवटा) तर तपासणी या आठवड्यात व्हायला हवी, असं कुठलाही डॉक्टर सांगेल. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एमआरआय आणि सर्जन या दोन्ही गोष्टी एकाच चिठ्ठीवर लिहिल्या, यातच त्यांची घाई दिसते.

आता खोटं कोण बोलतंय ते. माझ्या मते कोणीच नाही. जिल्ह्यातल्या इकोच्या रिपोर्टमधलं ते प्रश्नचिन्ह पुन्हा बघा. इको करणाऱ्याने फुगवटा पाहिला, जे नाव जास्त वेळा असतं ते लिहिलं आणि खात्री नाही म्हणून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. दुसऱ्याने तेच चित्र पाहून दुसरी, जास्त धोक्याची शक्यता बोलून दाखवली. घरात आपण याला दोन डॉक्टरांचं भांडण समजतो. प्रत्यक्षात तो एकच प्रश्न आहे, अर्धा सुटलेला, आणि उरलेला अर्धा सोडवायला चांगलं चित्र लागतं.

फरक काय ते सांगतो, कारण सगळा निर्णय त्यावर लटकलाय. रक्तवाहिनी बंद पडली की तिच्या वाट्याचा हृदयाचा स्नायू मरतो. पहिला आठवडाभर तो भाग फार मऊ असतो. मग हळूहळू तिथे वण धरतो, त्याला दीड-दोन महिने लागतात. वण पातळ राहिला तर आतल्या दाबाने तेवढी भिंत बाहेर फुगते. हा खरा अ‍ॅन्युरिझम. भिंत कमजोर, पण अखंड. दुसऱ्या प्रकारात मऊ पडलेली भिंत चक्क फाटते. फाटल्यावर बहुतेक माणसं काही मिनिटांत जातात. क्वचित एखाद्याच्या बाबतीत हृदयावरचं आवरण आणि गोठलेलं रक्त त्या भोकावर चिकटून बसतं आणि गळती तिथेच थोपते. त्याला स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात, खोटा फुगवटा. शेताचा बांध पाण्याने पुढे झुकला तर तो अजून बांधच असतो. पण तो फुटला आणि पाणी पुढच्या कुंपणाला अडकलेल्या पाल्याकचऱ्याने अडलं, तर त्या पाल्यावर आपण किती भरवसा ठेवणार?

खरा अ‍ॅन्युरिझम नंतर फुटणं दुर्मीळ. त्याचे त्रास वेगळे: हृदयाची ताकद कमी होते, आत गुठळी बसते, ठोके बिघडतात. त्यावर बऱ्याचदा गोळ्यांनी भागतं आणि ऑपरेशनचा विचार सावकाश करता येतो. खोटा मात्र अचानक फुटू शकतो. उपचार न केल्यास फुटण्याचा धोका ३० ते ४५ टक्के, असा आकडा वैद्यकीय लिखाणात वर्षानुवर्षं येतो. तो थोड्या रुग्णांवरून काढलेला आहे, आणि पुढे काही वृद्ध रुग्ण नुसत्या गोळ्यांवर बरीच वर्षं राहिल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून त्या आकड्याने घाबरून जाऊ नका. पण सर्जनकडे पाठवण्यात धंदाच असणार, हे काकांचं म्हणणंही मग टिकत नाही. काकांचा संशय अगदी हवेतला आहे असं मी म्हणणार नाही, नको त्या तपासण्या लिहून देणारे आमच्यात आहेतच. इथे मात्र तपासणी मागायला कारण आहे.

नावावरून आणखी एक गोष्ट ठरते, ती घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही. खऱ्या फुगवट्यात गुठळी दिसली तर रक्त पातळ करणारं जोरकस औषध द्यावं लागतं. भिंत फाटून थोपलेली असेल तर तेच औषध जपून, सर्जनला विचारून द्यायचं की नाही ते ठरवावं लागतं. म्हणून दुसऱ्या कोणाच्या सल्ल्याने गोळी वाढवू नका, आणि आहे ती अ‍ॅस्पिरिन वगैरे स्वतःहून बंदही करू नका. जिथे जाल तिथे गोळ्यांची पाकिटंच समोर ठेवा, तोंडी नावं सांगण्यात गोंधळ होतो.

इकोत हे स्पष्ट का झालं नाही? इकोचा प्रोब छातीवर पुढून लागतो आणि मागची भिंत त्याच्यापासून सगळ्यांत लांब. मध्ये फुप्फुसाची हवा आली की चित्र पुसट होतं. त्यातून खोटा फुगवटा बहुधा याच खालच्या-मागच्या भागात होतो, तर खरा बहुधा हृदयाच्या टोकाशी किंवा पुढच्या भिंतीला. तुमच्या बाबांचा फुगवटा मागे आहे म्हणून कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या मनात ती शंका आली असणार. नुसत्या जागेवरून निकाल लागत नाही. मागेही खरा फुगवटा असू शकतो. मग फुगवट्याची मान बघतात: तोंड अरुंद आणि आतली पिशवी मोठी असेल तर खोट्याकडे कल, तोंड रुंद असेल तर खऱ्याकडे. एमआरआयमध्ये त्यापुढचं दिसतं, म्हणजे पिशवीच्या भिंतीत हृदयाचा वण आहे की नुसतं आवरण आणि गुठळी. खात्री पटवायला आज त्याच्याइतकं चांगलं साधन क्वचितच.

पण एमआरआयची सोय आहे एवढं ऐकून गाडी काढू नका. गुडघ्याचा, मणक्याचा एमआरआय करणारं प्रत्येक मशीन हृदयाचा करू शकत नाही. हृदय हलतं, त्यामुळे ईसीजीशी जुळवून चित्र घ्यावं लागतं, आणि ते वाचणारा रेडिओलॉजिस्टही तयार लागतो. आधी फोनवर सरळ विचारा: हृदयाचा एमआरआय तुमच्याकडे नियमित होतो का, आणि रिपोर्ट कोण देतं? दुसरं, या तपासणीत अर्धा-पाऊण तास सपाट पडून, सांगतील तेव्हा श्वास रोखावा लागतो. बाबांना आडवं झालं की खोकला येतो. ते हे करू शकणार नसतील तर आधीच सांगा. मग हृदयाचा सीटी स्कॅन हा चांगला पर्याय आहे, तो काही सेकंदांत होतो आणि फुगवट्याची मान त्यातही छान दिसते. दोन्हींत शिरेतून औषध सोडतात, तेव्हा जाण्याआधी किडनीसाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. ती तालुक्याला होते. पेसमेकर नाही ना, तेही ते विचारतील.

आणि सोबत कागद नेऊ नका, चित्रं न्या. म्हणजे कागद न्याच, पण अँजिओग्राफीची सीडी आणि दोन्ही इकोच्या क्लिपा हॉस्पिटलकडून मागून घ्या. आपल्याकडे लोक रिपोर्टची फाइल लॅमिनेट करतील इतकी जपतात आणि सीडी टीव्हीमागे पडून असते. सर्जनला दुसऱ्याने लिहिलेल्या ओळीपेक्षा हलतं चित्र हवं असतं. मे महिन्यातला इको आणि आताचा इको शेजारी ठेवले तर फुगवटा तेव्हा होता का, वाढतोय का, हे तिथेच कळेल.

तुमचा दुसरा प्रश्न इथेच येतो. तेव्हाच का पकडलं नाही? कदाचित तेव्हा तो नव्हताच. खोटा फुगवटा आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनीसुद्धा लक्षात येतो, आणि काहींना तर त्रासच नसतो, दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत तो सापडतो. पहिल्या हॉस्पिटलचं चुकलं असेलही. ते मला इथून सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही आत्ता त्याच्या मागे लागून उपयोग नाही. सीडी मागायला जाल तेव्हा भांडायला जाऊ नका, एवढंच. सीडी लवकर मिळेल.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रातल्या पित्ताच्या वाक्यावर पेन दोनदा फिरलंय, म्हणून लिहितो. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक पोटात दुखून, उलटीने सुरू होणं अगदी नेहमीचं आहे; मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत तर छातीत कळ न येताही होतो. उशिराचा या गुंतागुंतीशी संबंध नाही असं मी म्हणणार नाही, कारण तो आहे. बंद वाहिनी वेळेत उघडली की भिंत फाटण्याचं प्रमाण खूप घटतं. उदाहरणार्थ, गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं येण्याआधी हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाटण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन होतं, आता ते हजारात दोन-तीनवर आलंय. पण त्या रात्री तुमच्यापैकी कोणाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. इतर वाचकांनी मात्र लक्षात ठेवावं: चाळिशीनंतर घाम फुटून वरच्या पोटात दुखलं आणि अर्ध्या तासात थांबलं नाही, तर आधी ईसीजी, मग पित्ताची गोळी. गुठळी विरघळवणारं ते इंजेक्शन १२ तासांच्या आत द्यायचं असतं आणि पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सगळ्यांत जास्त. कोकणातल्या वाडीवरून अँजिओप्लास्टीच्या टेबलापर्यंत पोचायला जो वेळ लागतो तो बघता, जवळच्या दवाखान्यात ते इंजेक्शन मिळतं का, हे आजारी पडायच्या आधी ठाऊक असावं.

ज्यांचा रुग्ण आत्ता, अटॅकच्या पहिल्या आठवड्यात, हॉस्पिटलमध्ये आहे त्यांच्यासाठी थोडं. या दिवसांत तीन ठिकाणी फाटू शकतं: बाहेरची भिंत, दोन कप्प्यांमधला पडदा आणि झडपेला धरून ठेवणारा छोटा स्नायू. सुधारत असलेला माणूस एकाएकी घामाघूम झाला, दम लागला, ब्लडप्रेशर पडलं, तर ‘पुन्हा अटॅक’ एवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांना विचारा, छातीत नवा आवाज ऐकू येतोय का, आणि इको पुन्हा कराल का? पडदा फाटला तर स्टेथोस्कोपमध्ये मोठा खरखरीत आवाज येतो, कधी हात ठेवला तरी थरथर लागते. झडपेचा स्नायू तुटला तर आवाज अगदी हलकाही असतो आणि फुप्फुसांत मात्र पाणी भरलेलं असतं. खालच्या बाजूच्या अटॅकमध्ये हे जास्त दिसतं, कारण तिथल्या स्नायूला रक्त बहुधा एकाच वाहिनीतून मिळतं. इको खाटेपाशी आणून होतो. आवाज हलका आहे म्हणून तो लांबवू नये.

ताई, आता तुमच्या घरात येतो. बाबांना न सांगण्याचा आईंचा विचार मायेतून आलाय, पण तो धोक्याचा आहे. ज्या माणसाला आपल्याला काही झालंच नाही असं वाटतं तो उद्या पावसात बागेत जाऊन पडलेली फांदी ओढणार, खताचं पोतं उचलणार. जोर लावला की ब्लडप्रेशर चढतं आणि त्या भिंतीला नेमकं तेच नको. नुसतं ‘जाऊ नका’ सांगून देवगडकडचा बागायतदार ऐकेल, असं तुम्हाला तरी वाटतं का? त्यांना साध्या शब्दांत सांगा: हृदयाची मागची भिंत कमजोर झालीय, फाटली असावी अशी शंका आहे, ती खरी का खोटी ते बघायचंय, तोवर चढ नाही, वजन नाही, शौचाला कुंथणं नाही. ऑपरेशन करायचं की नाही हे शेवटी त्यांनीच ठरवायचंय. छाती त्यांची आहे.

ऑपरेशनबद्दल खोटा धीर देत नाही. छाती उघडून, हार्ट-लंग मशीनवर, फाटलेल्या जागी ठिगळ लावायचं असतं, जोडीला गरज असेल तर बायपास. जोखीम बाबांच्या हृदयाची उरलेली ताकद, किडनी आणि फुप्फुसं यांवर ठरते, आणि तो आकडा सर्जन त्यांना बघूनच सांगेल. अगदी थकलेल्या रुग्णात कधी गोळ्या आणि दर काही महिन्यांनी चित्र असा रस्ताही घेतात. निवडक ठिकाणी पायातून तार नेऊन भोक बुजवतात. सर्जनना तीन गोष्टी विचारा: काही न केल्यास काय होईल, केल्यास बाबांच्या बाबतीत धोका किती, आणि अशी दुरुस्ती तुमच्याकडे आधी झालीय का? तिसरा प्रश्न विचारायला संकोचू नका. हा आजारच दुर्मीळ आहे, चांगल्या सर्जनला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

कुठे न्यायचं? कोल्हापूर तुम्ही पाहिलंय आणि ते डॉक्टर विचार करणारे दिसतात, त्यांनाच पुढचं ठिकाण विचारा. गोव्यात बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज देवगडकरांना मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. भाऊ मुंबईत राहायची सोय करत असेल तर परळच्या केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयातही हृदयशस्त्रक्रिया होते. पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेत बसणाऱ्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याच्याकडून हे ऑपरेशन यादीत आहे का आणि कुठली कागदपत्रं लागतील ते लिहून घ्या. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या, नावांची स्पेलिंगं जुळतात का तेही बघा. निम्मे खोळंबे तिथेच होतात.

पावसाचे दिवस आहेत. फोंडा घाट असो की करूळ, दरड आलीय का ते निघायच्या आधी विचारा आणि दिवसाउजेडी निघा. मात्र बाबांना बसल्या जागी दम लागला, चक्कर येऊन पडले, छातीत पुन्हा दुखलं, फेसाळ खोकला आला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर खाजगी गाडीने घाट चढायचा नाही. १०८ बोलवा. येणाऱ्याला पहिलं वाक्य हे सांगा: “अटॅक येऊन दोन महिने झालेत, भिंत फाटल्याची शंका आहे.” हे वाक्य महत्त्वाचं का, ते ऐका. अशा फुगवट्यात ईसीजीतली अटॅकची खूण महिनोन्‌महिने तशीच राहू शकते. रात्री ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला तो ताजा अटॅक वाटेल आणि तो चांगल्या हेतूने गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देईल. फाटून थोपलेल्या भिंतीला ते घातक ठरू शकतं. जुन्या ईसीजीचा फोटो आईंच्या, तुमच्या आणि भावाच्या, तिघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.

लेकीने किती बोलायचं? सगळी टिपणं तुम्ही ठेवलीत, दोन्ही रिपोर्ट तुम्ही वाचलेत, प्रश्नही तुम्हालाच पडले. भावाला बाजूला सारायची गरज नाही, त्याला वाईटही वाटायला नको. कोल्हापूरच्या डॉक्टरांची वेळ मागा, तुम्ही समोर बसा आणि भावाला फोनवर घ्या. ‘गणपतीपर्यंत थांबलो तर चालेल का?’ हे त्यालाच विचारू द्या. तुमच्या तोंडून ऐकलेलं उत्तर आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं उत्तर यांचं त्याच्यापाशी वजन वेगळं असणार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. काकांना हवं तर तेही येऊ देत. पूजेचं म्हणाल तर यंदा भावाने बसावं, बाबांनी आरामखुर्चीतून मंत्र चुकले की टोकावं.

एमआरआयची तारीख पंधरा दिवसांनंतरची देत असतील तर ती घेऊन घरी बसू नका. डॉक्टरांना लगेच कळवा आणि त्याऐवजी सीटी लवकर करता येईल का, ते विचारा.